शब्द आधी जातात तेव्हा

आमच्या कमलनगरात एक निवृत्त शिक्षक आहेत. तीस वर्षे त्यांनी भूगोल शिकविला; त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज बीदर, उदगीर, हैदराबाद अशी सर्वत्र पांगली आहेत. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे फराळास गेलो असता गुरुजींनी पानाचा डबा पुढे ओढला आणि सुनेला म्हणाले, "अगं, ते दे ना... ते... सुपारीचं." अडकित्ता हाती येताच त्यांनी सुपारी अशा सफाईने कातरली, की बैठकीतल्या कोणालाही काही वावगे वाटले नाही. "वय झालं आता," असे कोणीसे म्हणाले व आम्हीही हसलो. ते हसणे आज आम्हांस टोचते.

गुरुजी विसरत काहीच नव्हते. परळीकडची गाडी केव्हा येते, दूधवाल्याचे देणे किती, कोणत्या नातवाची परीक्षा कधी, सारे तोंडपाठ. अडत होते ते केवळ शब्दापाशी. पुढे वाक्ये तुटू लागली, 'ते', 'हे', 'तिकडचं' यांवर बोलणे निभावून नेणे सुरू झाले, आणि ज्या गृहस्थांनी स्नेहसंमेलने गाजविली ते लग्नकार्यात कोपरा धरून बसू लागले. घरच्यांनी एका डॉक्टरांना दाखविले. त्यांनी वार विचारला, गाव विचारले, सकाळी काय खाल्ले ते विचारले. तिन्ही उत्तरे अडखळत का होईना, बरोबर आली. स्मरणशक्ती उत्तम आहे, काळजी नसावी, असा निर्वाळा मिळाला आणि त्या निर्वाळ्यावर दीड वर्ष निघून गेले.

या घोटाळ्यात आपल्या भाषेतील एका शब्दाचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते. डिमेन्शियास आपण 'स्मृतिभ्रंश' म्हणतो. मग स्मृती शाबूत दिसली की रोग नाही, असे समजून मोकळे होतो. परंतु मेंदूची झीज प्रत्येक वेळी स्मृतीपासूनच सुरू होते असे नाही. काहींच्या बाबतीत ती भाषेचा व्यवहार सांभाळणाऱ्या भागांत, म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, आधी सुरू होते. प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली अशा तऱ्हेने भाषा लोपत गेलेल्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली होती. पुढे १९८२ साली अमेरिकेत मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांचे वर्णन करून, स्मृती टिकून असताना भाषा हळूहळू जाणे ही स्वतंत्र गोष्ट असल्याचे दाखविले. तिला आज प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात. मराठीत क्रमवर्धी वाचाघात म्हणता येईल.

२०११ साली तज्ज्ञांनी तिचे तीन प्रकार ठरविले. एकात व्याकरण मोडते व उच्चार कष्टाने होतो. दुसऱ्यात बोलणे ओघवते राहते, पण शब्दाचा अर्थच पुसला जातो, असा माणस "अडकित्ता म्हणजे काय?" असे निरागसपणे विचारतो. तिसऱ्यात अर्थ ठाऊक असतो, वस्तू वापरता येते, नाव मात्र सापडत नाही, आणि लांब वाक्य ऐकून जसेच्या तसे म्हणता येत नाही. गुरुजी या तिसऱ्यातले. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरचाच रोग असतो, हे ऐकून त्यांच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही.

आपण सीमेवरचे लोक. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासून २०१३ साली प्रसिद्ध केले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतही. आम्ही हे शाळेत मोठ्या अभिमानाने सांगत असू. पण त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासात, मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांच्या झिजेने होणाऱ्या रोगांत वर्तन बिघडविणारा प्रकार बहुभाषिकांत उशिरा दिसला, भाषा नेणारे प्रकार मात्र नाहीत. तेव्हा आमचा अभिमान थोडा आवरता घेणे भाग आहे.

उलट बहुभाषिकपणाने निदान अधिक अवघड होते. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गुरुजींना चित्रे दाखवून नावे विचारली ती कन्नडात. गुरुजींचे कन्नड नोकरीपुरते. निरोगी असतानाही त्यांना त्यातली निम्मी आली नसती. रोग पुष्कळ पुढे गेला, असा पहिला अंदाज निघाला. सुदैवाने भाची सोबत होती. तिने हरकत घेतली, तीच चित्रे मराठीत विचारवून घेतली, आणि चित्र पार बदलले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा चाचण्यांचा संच आरंभी ज्या पाच भाषांत सिद्ध केला, त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यांत नाही, याची नोंद महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी घराने घ्यावी. आणखी एक गंमत अशी, की पुण्यामुंबईकडचा तपासनीस आला तरी पेच सुटेलच असे नाही, आमच्याकडचे "काय करूलालास?" ऐकून तो क्रियापद बिघडल्याची खूण करून टाकायचा!

म्हणून तपासणीस जाताना घरातील कान शाबूत असलेले माणूस न्यावे. कोणती भाषा कधी शिकले, कोणत्या भाषेत भांडतात, हिशेब कोणत्या भाषेत करतात, आजवर लिहीत काय होते, हे एका कागदावर लिहून न्यावे. जुनी पत्रे वा भाषणाचे टिपण असल्यास तेही. शब्द केव्हापासून रोडावले ते त्यावरून दिसते. ऐकू कमी येणे, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता ही कारणे आधी तपासली जातात व त्यांवर उपाय असतात. आणि बोलणे जर एकाएकी गेले, तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात समजून त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात धाव घ्यावी. तेथे तासांचा हिशेब असतो.

या झिजेस थांबविणारे औषध नाही. वाचोपचाराने मात्र हाती असलेले शब्द अधिक काळ टिकतात, आणि तो घरच्या भाषेतच व्हावा लागतो. गुरुजींची भाची दर रविवारी उदगीरहून येते. दोघांनी मिळून वही केली आहे. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर गुरुजींच्याच वळणदार अक्षरात नाव. अडकित्ता चौथ्या पानावर आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा त्यांनी वही उघडून त्यावर बोट ठेवले, सुनेकडे पाहिले, आणि डबा पुढे ओढला.