बायबलच्या कव्हरमधली गोळी

आमच्याकडे बायबलला चेनवालं कव्हर असतं. त्यात पेन, दानाचं पाकीट, सुट्टे पैसे... आणि गेले सहा महिने माझ्या कव्हरमध्ये गोळ्यांची एक स्ट्रिपसुद्धा असते.

सुरुवात झाली एका डेडलाइनच्या रात्री. छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं, संपलं सगळं! ईसीजी एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अॅटॅक. पुढे सायकिअॅट्रिस्टकडे गेले, तिथे अँग्झायटी आणि डिप्रेशन अशी दोन नावं मिळाली. मम्मीचा पहिला प्रश्न : ‘‘चर्चमध्ये काय सांगायचं?’’ ठरलं, अॅसिडिटी!

प्रार्थनेच्या गटात मी नुसतं ‘जरा टेन्शन आहे’ म्हणून पाहिलं. लगेच वचनं सुरू. चिंता करायची नाही, प्रभूवर सोपव, उपास धर. प्रेमानेच म्हणतात हो सगळे! पण मला ऐकू यायचं एवढंच, की तुझा विश्वास कमी पडतोय. म्हणजे आजार तर आहेच, वर तो पापही! शुगर वाढलेल्या अंकलना असं कोणी सुनावल्याचं ऐकलंय तुम्ही?

एका रात्री झोप येईना म्हणून 1 राजे, अध्याय 19 उघडला. एलीया. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस. ईजबेल राणीची धमकी येते आणि हा रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि चक्क मरण मागतो. देवदूत येतो, पण लेक्चर देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. विश्वासाबद्दल चकार शब्द नाही! संडे स्कूलमध्ये आम्हाला कर्मेलवरची आग रंगवायला द्यायचे, हे झुडूप कधीच नाही.

आणि स्तोत्र 88. बाकीची बहुतेक रडगाणी (सॉरी, विलापस्तोत्रं) शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारातच थांबतं. तरी ते बायबलमध्ये आहे.

गेल्या रविवारी उपासनेत गीतांचं पुस्तक काढताना स्ट्रिप खाली पडली. शेजारच्या आंटींनी उचलली, नाव वाचलं. माझे कान गरम.

‘‘सकाळची की रात्रीची?’’

‘‘रात्रीची.’’

‘‘मला सकाळी दिलीय. आठ वर्षं झाली,’’ त्या कुजबुजल्या आणि स्ट्रिप माझ्या कव्हरमध्ये ठेवून चेन लावली.

पाळकसाहेबांनी तोवर गीताचा नंबर सांगितला होता. आम्ही दोघी उभ्या राहिलो.