छपाई वाचली, खर्च कुठे गेला?

सरकारी कागदपत्रे संगणकावर आली की पैसा वाचतो, हा प्रशासनाचा लाडका युक्तिवाद आहे. अमेरिकेतील ग्रंथालयांचा अनुभव पाहता वाचतो तो छपाईचा पैसा. उरलेला भार एका खिशातून दुसऱ्या खिशात सरकतो, इतकेच.

तेथे संसदेचे दस्तऐवज ग्रंथालयांना विनामूल्य देण्याची प्रथा १८१३पासूनची आहे. सरकारने छापून पाठवायचे, ग्रंथालयांनी जागा आणि कर्मचारी पुरवायचे, असा हा व्यवहार. १९९३च्या कायद्याने शासकीय मुद्रणालयाला ही माहिती संगणकावरून देणे भाग पडले आणि १९९४मध्ये 'जीपीओ ॲक्सेस' सुरू झाले. तेव्हापासून कागद, शाई, संगणक, जोडणी यांचे बिल ग्रंथालयाच्या माथी आले. त्यातच सीडींवर आलेली माहिती वाचणारी प्रणाली काही वर्षांत कालबाह्य व्हायची. पुस्तकाला निदान विजेची गरज नसते!

बचतीच्या हिशेबाचा खरा नमुना पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) दाखवला. २००७च्या अंदाजपत्रकात ग्रंथालयांचे वीस लाख डॉलर कापण्याचा प्रस्ताव येताच २००६मध्येच शिकागो, डॅलस व कॅन्सस सिटी येथील ग्रंथालयांना टाळे लागले. सारे काही डिजिटल होणारच आहे, हे कारण. परंतु लाभ-खर्चाचा पुरेसा हिशेब न मांडताच हा निर्णय झाल्याचे संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००८मध्ये नोंदवले. तोवर संसदेने ग्रंथालये पुन्हा उघडण्यासाठी निधीसह आदेश दिलेला होता. म्हणजे आधी बंद करण्याचा उपद्व्याप आणि मग उघडण्याचा खर्च.

जतनाचा प्रश्न याहून बिकट आहे. छापील प्रत शेकडो गावांत असे. एक ग्रंथालय जळाले तरी दुसरीकडे मिळे. संगणकीय प्रत सरकारच्याच यंत्रावर राहते. ऑक्टोबर २०१३मध्ये निधीअभावी सरकार ठप्प झाले, तेव्हा जनगणना विभागाचे संकेतस्थळही बंद पडले होते. म्हणूनच काही ग्रंथालये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'लॉक्स' प्रणालीद्वारे सरकारी प्रकाशनांच्या प्रती स्वखर्चाने आपापल्या यंत्रांवर ठेवतात. फुकट मिळणाऱ्या माहितीसाठी पदरमोड करण्याचा हा प्रकार वरकरणी विचित्र वाटेल. पण सरकारने काही बदलले वा काढले, तर ताडून पाहायला दुसरी प्रत लागतेच.

आपल्याकडे भारताचे राजपत्र १ ऑक्टोबर २०१५पासून छापले जात नाही, ते केवळ ई-राजपत्र म्हणून प्रसिद्ध होते. त्याची सरकारबाहेरील प्रत कोणी, कोणाच्या पैशाने ठेवायची?