पहिलं सिझर झालं म्हणून दुसरंही?

एकदा सिझर झालं की दर खेपेला सिझरच, असं तुमच्याही घरात म्हणत असतील. हे बोल मूळचे न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचे, 1916 सालचे. तेव्हा गर्भपिशवीवर उभा छेद घेत. आता बहुधा खाली आडवा घेतात. असा एकच छेद असेल आणि पहिल्या वेळची अडचण पुन्हा नसेल, तर कळा देऊन पाहणाऱ्या 100 पैकी साधारण 70 बाया नॉर्मल मोकळ्या होतात.

धोका नाही असं नव्हे. 200 जणींत एखादीची पिशवी जुन्या टाक्यावर फाटते. म्हणून हे बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात नकोच; रक्त आणि भूलतज्ज्ञ रात्रीही हजर असतील तिथंच.

बाईचं मन मात्र कुणी विचारत नाही. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडणीच्या बाईला दुसरं सिझर नको असतं. टाक्यांवर मोळी उचलायची कशी? दुसरीला कळांची धास्ती, किंवा सिझरबरोबरच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उरकायचं असतं. दोघींचंही खरंच आहे. (सासूबाईंनी दोघींचा निकाल आधीच लावलेला असतो.) ठरवायचं तिनं, डॉक्टरांशी बोलून. सरकारी दवाखान्यात 2011 पासून दोन्ही फुकट आहे, तेव्हा पैशाची सबब नको.

अडतं ते कागदावर. सिझर कशामुळं झालं, छेद कसा घेतला, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं हवं. आणि कार्ड तर कोपीत भिजून जातं. टोळ्या निघायच्या आधी आशाताईंनी झेरॉक्स काढून एक बाईजवळ, एक उपकेंद्रात ठेवावी. खर्च ग्रामपंचायतीनं सोसावा, सरपंच. दोन-चार रुपयांचं तर काम आहे.