तीस सप्टेंबरपूर्वी शाळेत एकदा जाऊन या



जून-जुलै महिन्यांत वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर शाळांच्या बातम्या रोज असतात. कमी पटाच्या शाळांवर गंडांतर, समूह शाळेचा प्रस्ताव, संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त, पीएमश्री शाळांना निधी. अशी बातमी आली की मुलांना सोडायला आलेल्या दोन-चार अम्मी फाटकापाशी थांबतात आणि विचारतात, "बाजी, अपना इस्कूल बंद होने वाला है क्या?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर बातमीतले काही शब्द आधी समजून घ्यावे लागतात. ते समजले की कळते की जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेचे बरेचसे भवितव्य दर वर्षी एका तारखेला ठरते. ती तारीख म्हणजे 30 सप्टेंबर. त्या दिवशी शाळेच्या पटावर जितकी मुले असतील, त्यावर पुढची सगळी गणिते मांडली जातात. आणि पटावर मूल ठेवायचे की काढायचे हे घरातच ठरते.

संचमान्यता म्हणजे काय?

एका शाळेला किती शिक्षक मिळणार, याची शासनाने दिलेली मंजुरी म्हणजे संचमान्यता. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात याचा तक्ता आहे. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे कायदा म्हणतो.

महाराष्ट्र शासनाने 15 मार्च 2024 च्या निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. शिक्षक संघटनांनी त्याला मोठा विरोध केला, कारण त्याचा फटका लहान शाळांना बसतो. सहावीपुढच्या वर्गांची मुले विसाच्या आत गेली तर त्या वर्गांसाठी शिक्षकाचे पद मंजूर होत नाही, हा त्यातला सर्वांत बोचणारा भाग. शाळा बंद झाल्याची बातमी येत नाही, पाटी तशीच राहते, आतला शिक्षक मात्र जातो.

हे कसे घडते ते आमच्याच शाळेत पाहिले. सहावी ते आठवीचा पट 22 होता. जुलैमध्ये एका घरातली दोन भावंडे आणि शेजारची एक मुलगी शहरातल्या इंग्रजी शाळेत गेली. पट 19 झाला. दिवाळीनंतर फी आणि रिक्षाचे भाडे झेपेना, म्हणून तिघेही परत आली. आम्ही त्यांना आनंदाने वर्गात बसवले, पण 30 सप्टेंबरच्या नोंदीत ती नव्हती. पुढे गणित-विज्ञान शिकवणाऱ्या बाजींचे पद गेले आणि त्यांचे समायोजन दुसऱ्या तालुक्यात झाले. आठवीच्या मुलींना विज्ञान मी शिकवू लागले. मी उर्दू आणि मराठीची शिक्षिका. पुस्तकातला प्रयोग वाचून दाखवणे आणि तो करून दाखवणे यांतला फरक मुलींच्या चेहऱ्यावर दिसायचा. पुढच्या जूनमध्ये त्यांपैकी दोघींनी नववीला नावच घातले नाही. उर्दू माध्यमाची जवळची माध्यमिक शाळा एसटीच्या अंतरावर आहे. "विज्ञान-गणित कच्चे आहे, मग एवढ्या लांब पाठवून काय करायचे?" असे घरचे म्हणाले. तीन मुले तीन महिन्यांसाठी दुसरीकडे गेली, त्याचा हिशेब या दोन मुलींपर्यंत येऊन थांबला.

इंग्रजी शाळेत मूल घालू नका, असे मला म्हणायचे नाही. तो प्रत्येक आई-वडिलांचा हक्क आहे. फक्त फी पूर्ण वर्ष, पुढेही चार-पाच वर्षे झेपणार आहे का, याचा विचार जूनमध्ये करावा. ऑक्टोबरमध्ये केलेल्या विचाराची किंमत दुसऱ्यांची मुलेही मोजतात.

आधारवरचे नाव

गेल्या काही वर्षांत पट मोजताना मुलाचे आधार 'वैध' आहे का, हे पाहिले जाते. म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवरच्या नोंदीशी जुळले पाहिजे. न जुळणारे मूल वर्गात रोज हजर असले तरी मोजणीत अडकते.

ही अडचण आपल्या घरांत जास्त येते. मोहम्मद हे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर 'मो.' आणि तिसऱ्यावर इंग्रजीत नुसते 'एमडी'. शेख कुठे आधी, कुठे शेवटी. मुलीच्या नावापुढे जन्मदाखल्यावर बानो, आधारवर बी, शाळेत दोन्ही नाही. पूर्वी पहिलीपासून अल्पसंख्याक शिष्यवृत्ती होती, तेव्हा अर्जासाठी पालक स्वतः कागद दुरुस्त करून आणत. केंद्राने 2022-23 पासून ती पहिली ते आठवीसाठी बंद केली, प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. तेव्हापासून लहान वर्गांचे कागद तसेच पडून राहतात.

यावर उपाय सोपा आहे. मुलाचा जन्मदाखला आधी बरोबर करून घ्या, मग त्याप्रमाणे आधार, आणि शाळेच्या रजिस्टरमध्येही तेच नाव. पाच वर्षांनंतर आणि पुन्हा पंधरा वर्षांनंतर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही विसरू नका. हे काम ऑगस्टपर्यंत संपले पाहिजे.

समूह शाळा आणि नवी शाळा

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण विभागाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. राज्यात अशा 14 हजारांहून अधिक शाळा असल्याचे तेव्हा समोर आले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, विषयाला शिक्षक मिळतो, प्रयोगशाळा मिळते, हे खरे आहे. एका खोलीत चार वर्ग आणि एक शिक्षक, यापेक्षा ते बरेच.

पण प्रश्न जाण्या-येण्याचा आहे. आपल्या राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले आहे. वाहतुकीची सोय कागदावर असली तरी गाडी दोन दिवस आली नाही की आधी घरी राहते ती मुलगी. आणि उर्दू माध्यमाच्या शाळा मुळातच एकमेकींपासून लांब. मराठी शाळांचा समूह पाच किलोमीटरमध्ये जमेल, उर्दू शाळांचा जमायला कधी कधी तालुका ओलांडावा लागेल. तुमच्या गावाचे नाव अशा प्रस्तावात आले तर पहिला प्रश्न हा विचारा की मुलांना नेणारी गाडी कोणाची, पैसे कोण देणार आणि एकत्र केलेल्या शाळेचे माध्यम कोणते राहणार.

दुसरीकडे 'तालुक्यात नव्या शाळांना परवानगी' अशीही बातमी येते आणि लोक खूश होतात. ती बातमी नीट वाचा. महाराष्ट्रात 2012 चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आहे. त्याखाली निघणाऱ्या शाळेला शासनाचे अनुदान मिळत नाही, तिचा खर्च फीमधून चालतो. पीएमश्री योजनेतही नवी शाळा बांधली जात नाही. केंद्राने सप्टेंबर 2022 मध्ये मंजूर केलेल्या या योजनेत देशातल्या 14,500 शाळा निवडून त्यांचा विकास करायचा आहे, एकूण खर्च 27,360 कोटी रुपये. त्या निवडल्या जातात आधीच चालू असलेल्या शाळांमधून. म्हणजे विनाशुल्क शिकवणारी जी शाळा आज आपल्या मोहल्ल्यात आहे ती एकदा गेली, तर तिच्या जागी तशीच दुसरी येण्याची शक्यता फार कमी. म्हणून आहे ती राखायला हवी.

उर्दू शिक्षकांची जागा

फेब्रुवारी 2024 मध्ये पवित्र पोर्टलवर 21,678 शिक्षकांच्या पदांची जाहिरात निघाली. त्यात उर्दू माध्यमाची 1,850 पदे होती. पण उर्दूची सगळी पदे भरली जाणे सोपे नाही. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवर उर्दू माध्यमातून शिकलेला उमेदवार मिळणे कठीण, आणि राखीव जागा दुसऱ्याला देता येत नाही. आरक्षण असायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. मात्र अशी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली तर वर्ग रिकामा राहतो. या जागांबाबत निर्णय शासनस्तरावरच होऊ शकतो, त्यासाठी निवेदन देताना आपल्या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती आणि रिकामी किती, हे तीन आकडे हातात हवेत. "शिक्षक नाहीत" एवढेच म्हटले तर साहेब मान डोलावून पुढच्याकडे वळतात.

शाळेला पैसा किती मिळतो?

समग्र शिक्षा योजनेतून दर वर्षी शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळते. तेही पटावरच ठरते. 30 मुलांपर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्यापुढे एक लाख. यातलाच किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. खडू, रजिस्टर, वीजबिल, नळाची दुरुस्ती, फुटलेले कौल, सगळे याच रकमेत. 30 मुलांच्या शाळेला महिन्याला साडेआठशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. एकतिसावे मूल आले की हीच रक्कम अडीचपट होते.

नवी खोली, संडास, भिंत असली मोठी कामे या अनुदानात होत नाहीत. त्यासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात. ज्या शाळांत अल्पसंख्याक मुले बहुसंख्येने आहेत त्यांच्यासाठी अल्पसंख्याक विकास विभागाची पायाभूत सुविधांची योजना आहे, तिच्या अटी मुख्याध्यापकांकडून समजून घ्याव्यात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी लेखी मागणी करावी लागते.

मागणी करणार कोण?

कायद्याने हा अधिकार पालकांना दिला आहे. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक हे सचिव. दर महिन्याला बैठक घ्यायची असते. शाळा विकास आराखडा हीच समिती बनवते, आणि शासनाने अनुदान देताना तो आराखडा आधार मानावा, असे कायद्याच्या कलम 22 मध्ये लिहिले आहे.

प्रत्यक्षात काय होते? शिपाई किंवा मुलांच्या हाती वही घरोघर फिरते, अम्मी दाराआडून सही करतात, बैठक झाली. मीही अशा वह्या पाहिल्या आहेत, त्यांत सह्या सोळा आणि ठराव एकही नाही. बैठक शुक्रवारी दुपारी एक वाजता ठेवली तर वडील येणार नाहीत, आणि मजुरीच्या वेळी ठेवली तर कोणीच नाही. वेळ बदलून मागा. रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी चारनंतर म्हणा. ज्या बायका सदस्य आहेत त्यांनी खुर्चीवर बसावे, दारात उभे राहू नये. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे आणि ठराव वाचून दाखवायला लावावा. ठरावाशिवाय खर्च होत नाही आणि मागणीही वर जात नाही.

तेव्हा या महिन्यात शाळेत एकदा जाऊन या आणि एवढे विचारून घ्या:

आपल्या मुलाचे आधार वैध झाले आहे का?

आज पट किती, आणि सहावी ते आठवीचा वेगळा किती?

मंजूर शिक्षक किती, हजर किती?

या वर्षीचे अनुदान किती आले, कशावर खर्च झाले?

विकास आराखड्यात यंदा काय मागितले आहे?

शेजारी सहा वर्षांचे मूल घरीच असेल, किंवा सातवीनंतर एखादी मुलगी घरी बसली असेल, तर तिला सोबत घेऊन या. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश देणे शाळेवर बंधनकारक आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखला मागाहून काढता येतो. मात्र 30 सप्टेंबरच्या आत या, म्हणजे त्या मुलीचे नावही मोजले जाईल आणि तिला शिकवणाऱ्या बाजींचे पदही.