‘बारीक झालीस!’ म्हणण्यापूर्वी



आपल्या लोकांच्या कुठल्याही गटगला डायबेटिसचा विषय निघाला, की पहिल्या चहाच्या आत निदान दहा उपाय जमा होतात. मेथीचे दाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, दिवसातून दोनच वेळा जेवणे, आणि हल्ली ते आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन. सल्ला देणारा प्रेमानेच देतो. पण त्याच्या डोळ्यांपुढे असतो टाइप टू: पन्नाशी, थोडे सुटलेले पोट, आईवडिलांपैकी एकाला तरी तोच आजार. तिथे वजन उतरले की साखर उतरते, इन्सुलिनची गरज कमी होते, कधी कधी गोळ्याही सुटतात. हे सगळे खरे आहे. टाइप वनला मात्र यातले जवळजवळ काहीच लागू नाही, आणि एका गोष्टीत तर प्रकार बरोबर उलटा आहे. टाइप वनमध्ये साखर चढलेली असताना वजन उतरत असेल, तर ते यश नव्हे. शरीर उपाशी मरत असल्याची ती खूण आहे.

मला टाइप वन झाला तो एकतिसाव्या वर्षी. पोस्टडॉकचे दुसरे वर्ष होते. दोन महिन्यांत सात किलो वजन गेले आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवात माझ्यावर कौतुकाचा नुसता पाऊस पडला. ‘काय गं, जिम लावलीस का?’ ‘आम्हालाही सांग ना सिक्रेट!’ एका मैत्रिणीच्या सासूबाई तेवढ्या वेगळ्या निघाल्या. त्यांनी बाजूला घेऊन विचारले, ‘रात्री किती वेळा उठतेस?’ चार वेळा उठत होते. त्यांच्या धाकट्या भावाला हाच आजार होता. पुढच्या आठवड्यात साखर तपासली ती चारशेच्या वर. त्यानंतरही एका दवाखान्यात ‘भारतीय आहात ना, मग टाइप टूच असणार’ असे म्हणून माझ्या हातात गोळ्या ठेवल्या गेल्या. सहा आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्ताच्या चाचण्या केल्या, तेव्हा कुठे खरे निदान झाले.

हे माझ्यापुरते नाही. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना २०१२ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, डायबेटिसचे निदान झाले, आणि त्यांनाही आधी टाइप टू सांगून गोळ्या दिल्या गेल्या होत्या. त्या वेळी त्या गृहमंत्री होत्या, ते लंडन ऑलिंपिकचे वर्ष होते, त्यामुळे उतरलेले वजन धावपळीच्या खात्यावर जमा झाले. टाइप वन हा लहान मुलांचा आजार, ही समजूत आता खरोखर टाकून द्यायला हवी.

वजन जाते ते कसे? साखर पेशींमध्ये शिरायला इन्सुलिन लागते. ते नसेल तर साखर रक्तातच साठते, आणि ती साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे तिला लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. दिवसाला १०० ग्रॅम साखर अशी गेली तर ४०० कॅलरी गेल्या. म्हणजे चार पोळ्या खाल्ल्या आणि त्या अंगी न लागता वाहून गेल्या. इकडे पेशी उपाशीच. मग शरीर चरबी वितळवते, स्नायू मोडते, आणि यकृत त्या मोडलेल्या स्नायूंपासून आणखी साखर तयार करते! म्हणूनच टाइप वनमध्ये न जेवताही साखर वाढते. ‘आज काही खाल्लेच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ हा आपल्याकडचा नेहमीचा, वरवर अगदी तर्कशुद्ध वाटणारा प्रश्न. उपासाच्या दिवशी, प्रवासात, उलट्या होत असताना हमखास विचारला जाणारा. त्याचे उत्तर असे, की दिवसभर मंद काम करणारे बेसल इन्सुलिन जेवणासाठी नसतेच. ते यकृताला आवरण्यासाठी असते. ते बंद केले की चरबीपासून बनणारी आम्लधर्मी केटोन्स साचत जातात, आणि माणूस काही तासांत अतिदक्षता विभागात पोचू शकतो.

इन्सुलिन हाती येण्यापूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत सर्वात पुढारलेली मानली जाई. मुलांना इतके कमी खायला द्यायचे की लघवीत साखर दिसू नये. एलिझाबेथ ह्यूज, तेव्हाच्या अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी, अशीच तीन वर्षे जगवली गेली. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला बँटिंगकडे पोचली तेव्हा पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होते ४५ पौंड, म्हणजे जेमतेम वीस किलो. इन्सुलिन सुरू झाले आणि ती भराभर भरली. पुढे १९८१ पर्यंत जगली. आज कोणी ‘इन्सुलिनने जाडी येते हो’ असे म्हणाले की मला ती मुलगी आठवते. इन्सुलिन सुरू केल्यावर वाढणारे वजन हे बहुतांशी गळती थांबल्याचे वजन असते.

आता थोडे अप्रिय. टाइप वन असलेल्या कित्येक मुली, आणि मुलगेही, बारीक राहण्यासाठी मुद्दाम इन्सुलिन कमी घेतात. डॉक्टर हा खाण्याशी निगडित मानसिक आजार म्हणून ओळखतात. डोळे आणि मूत्रपिंडे त्याची किंमत फार लवकर मोजतात. आपल्या घरांत त्यात भर पडते ती लपवाछपवीची: ‘लग्न ठरेपर्यंत कोणाला सांगू नकोस’, ‘चारचौघांत सुई काढू नकोस’. डोस चुकतात ते इथे. मुलीला मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये उभे राहून इन्सुलिन घ्यायला लावणारे आईबाप उच्चशिक्षित असतात, हेही पाहिले आहे.

मग टाइप वनवाल्याचे वजन खरेच जास्त असेल तर? ते कमी करता येते, पण क्रम महत्त्वाचा. आधी साखर आटोक्यात, मग ताटाकडे वळायचे. खाणे कमी केले की इन्सुलिनही त्या हिशेबाने डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करायचे, नाहीतर साखर घसरते आणि ती चढवायला पुन्हा खावे लागते. पुष्कळांचे वजन या चक्रातच अडकते. साखर उतरली की १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा मोजणे एवढे पुरते. भीतीपोटी अख्खा लाडू आणि वर ग्लासभर ज्यूस लागत नाही. पोळी, भात, साबुदाण्याची खिचडी यांतले कर्बोदक आठवडाभर वजनकाट्यावर मोजून पाहा. खिचडी तुम्हाला चकित करेल. साखर २५० च्या वर आणि केटोन्सही असतील तर त्या दिवशी व्यायाम नको, त्याने साखर आणखी चढते. काकांच्या गोळ्या तर नकोच नको. लघवीवाटे साखर टाकणाऱ्या ज्या गोळ्यांनी टाइप टूवाल्यांचे वजन उतरते, त्यांना टाइप वनसाठी अमेरिकेत मान्यता नाही. कारण त्या घेत असताना साखर जेमतेम वाढलेली दिसते आणि आत केटोन्स साचत असतात.

राहता राहिला पैसा. १९२३ साली इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला विकले गेले होते. त्याच शोधाच्या वारसदार औषधांसाठी या देशात माणसांनी डोस वाचवले, आणि काही त्यात मेलेही. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरवाल्यांना महिना ३५ डॉलरची मर्यादा मिळाली, २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी बऱ्याच जुन्या इन्सुलिनच्या किमती मोठ्या प्रमाणात कमी करण्याचे जाहीर केले. पण सेन्सर, पंप, डॉक्टर हे सगळे अजून नोकरीच्या विम्याला बांधलेले आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली तर हातात ६० दिवस, आणि फ्रिजमध्ये उरलेली पेनं मोजणारे आपले लोक आहेत. आपल्या ओळखीत कोणाची नोकरी गेली तर रेफरलबरोबर ‘औषधाची सोय आहे ना?’ एवढेही विचारा. कंपन्यांच्या महिना ३५ डॉलरच्या योजना विमा नसलेल्यांसाठीही आहेत, हे अनेकांना माहीत नसते.

आणि घरात टाइप वन असेल तर केटोनच्या पट्ट्या आणून ठेवा. त्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात. रक्तातले केटोन ०.६ च्या आत असावे, १.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर थेट इमर्जन्सी. पट्टी नसली तरी उलट्या, पोटदुखी, खोल भराभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यातले काही दिसले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, ९११ लावा.