लाळेचा वैरी: एक्स-रे की बिडी?

दुधनीच्या आडतबाजारात तुरीच्या पोत्यांना टेकून बिडी शिलगावणाऱ्याची दाढ ठणकू लागली, की तो आधी लवंग धरतो. मग कधीतरी अक्कलकोट नाहीतर सोलापूर गाठतो. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला, की मात्र बिचकतो. त्या किरणांनी तोंड वाळतं, लाळ आटते, असं त्याच्या कानावर आलेलं असतं.

ही भीती हवेतून आलेली नाही. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातून तोंडाला किरणांचा शेक घेऊन आलेला एखादा सोयरा पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा तुकडा गिळू शकत नाही, हे घरोघरी पाहिलेलं असतं. चूक होते ती पुढे, शेक आणि एक्स-रे एकाच मापाने मोजण्यात. कॅन्सरच्या शेकात साठ-सत्तर ग्रे इतका किरणांचा मारा सहा-सात आठवड्यांत केला जातो आणि त्यात लाळग्रंथी होरपळतात. दाताच्या साध्या एक्स-रेत शरीराला मिळणारी मात्रा साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट असते. माती, दगड आणि आकाशातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे हा एक्स-रे त्यातल्या जेमतेम एका दिवसाएवढा. १८९६ साली ऑटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचं पहिलं चित्र घेतलं, तेव्हा त्याला पंचवीस मिनिटं किरणांपुढे राहावं लागलं. आज सेकंदाचा अंश पुरतो.

पूर्ण जबड्याच्या एक्स-रेनंतर गालाच्या आतल्या पेशींत बारीक बदल काही अभ्यासांत दिसले आहेत, हेही सांगायला हवं. त्यावरून एवढंच ठरतं, की कारण नसताना एक्स-रे काढू नये. लाळ आटते, असं त्यावरून ठरत नाही.

आता बिडीची बाजू. तिचे वकील म्हणतात, झुरका घेतला की उलट तोंडाला पाणी सुटतं. सुटतं खरं, पण घटकाभर. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याची लाळ किती घटते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तिचा कस उतरतो, याचे पुरावे मात्र बरेच आहेत. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. दातांवरचं आम्ल मारणारा क्षार, झिजलेलं कवच भरून काढणारं कॅल्शियम, जंतूंशी झुंजणारी विकरं असं सगळं तिच्यात असतं. धुराने ती आम्लाकडे झुकते, पेरॉक्सिडेज हे रक्षक विकर दुबळं पडतं. हैफाच्या संशोधकांनी २००४ साली प्रयोगशाळेत जे पाहिलं, ते तर चक्रावणारं आहे: धूर मिसळला, की पेशींना वाचवणारी लाळच त्यांचा नाश वाढवू लागली.

‘बिडी पानाची, म्हणून सौम्य’ हा दुसरा बचाव. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी विझू पाहते, म्हणून ती जोर लावून आणि पुन्हापुन्हा ओढावी लागते. निकोटीन आणि डांबर सिगारेटहून कमी नाही, जास्तच जातं.

आणि किरणांचीच भीती असेल, तर ती बिडीच्या बंडलाची बाळगावी. तंबाखूत पोलोनियम-२१० हा किरणोत्सारी पदार्थ असतो आणि तो धुरात उतरतो, हे रॅडफर्ड आणि हंट या अमेरिकी संशोधकांनी १९६४ सालीच दाखवलं. एक्स-रे वर्षा-दोन वर्षांत एखादा. बिडी दिवसातून वीसदा.

सोलापूर जिल्ह्यात हे बोलणं जड जातं. इथल्या हजारो बायकांची चूल बिड्या वळून पेटते. कुंभारीला त्यांच्यासाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी आहे. त्यांच्या पोटाचा प्रश्न खराच आहे, पण त्याचं उत्तर पर्यायी कामात शोधायला हवं, ओढणाऱ्याच्या तोंडात नव्हे.

तेव्हा दाढ दुखणाऱ्याने एक्स-रे खुशाल काढावा, तो कशासाठी हे डॉक्टरांना विचारावं आणि जुनी फिल्म जपून ठेवावी, म्हणजे पुन्हा काढावी लागणार नाही. बिडी सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.