अंध सैनिकाला दया नको, काम हवं

विद्यार्थी मित्रांनो, 'युद्धात अंध झालेल्या सैनिकाचे मनोगत' हा निबंध दिला की बहुतेक वह्यांत एकच सूर असतो : आता आयुष्यात अंधारच अंधार! मला हे पटत नाही.

क्लुथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे सैनिक. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय जवानांसाठी १९४३ मध्ये देहरादूनला केंद्र निघालं, ते त्यांनी चालवलं. त्यातूनच पुढे दृष्टिहीनांसाठीची आजची राष्ट्रीय संस्था वाढली. म्हणजे एका अंध सैनिकाच्या कामाचा लाभ सैनिक नसलेल्यांनाही झाला.

गडमुडशिंगी असो की सैनिक टाकळी, माजी सैनिक आपल्या कोल्हापूर भागाला नवे नाहीत. १५ ऑगस्टला आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो आणि मग वर्षभर विसरतो. असा सैनिक डोळ्यांनी अंध असला, तरी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना शिस्त शिकवू शकतो, शाळेत लढाईचे अनुभव सांगू शकतो. त्याला बोलवायला तर हवं ना!

म्हणून निबंध लिहिताना त्याने काय गमावलं यावरच थांबू नका. आज तो गावासाठी काय करतो, तेही लिहा.